बोट आधी, गटार शेवटी: पर्यटनानं बेटं कशी बदलतात

थायलंडच्या फी फी बेटांवरच्या माया बे नावाच्या किनाऱ्यावर आज गेलात, तर समुद्रात फक्त गुडघाभर पाण्यापर्यंत जाता येतं. त्यापुढे कुणी सरकलं की राष्ट्रीय उद्यानाचा रक्षक शिट्टी मारतो. बोट समोरून आत शिरत नाही. ती बेटाच्या मागच्या अंगाला, लो समा नावाच्या ठिकाणी तरंगत्या धक्क्याला लागते. तिथून झाडीतल्या लाकडी वाटेनं चालत तुम्ही किनाऱ्यावर उतरायचं, तासभर थांबायचं आणि पुढच्या तुकडीला जागा करून द्यायची. परदेशी माणसाला प्रवेशाचे 400 बाट पडतात, म्हणजे साधारण हजार रुपये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तर पूर्ण बंद.

चाळीसेक वर्षांपूर्वी याच जागी कुणी पाठीवर सॅक घेऊन उतरला असता, तर त्याला कड्यांनी वेढलेलं हिरवंनिळं पाणी, एखादी मासेमारीची होडी आणि जवळच्या गुहेत बांबूच्या परांच्यांवर चढून पाकोळ्यांची घरटी काढणारी माणसं दिसली असती. (ही घरटी चिनी सूपसाठी सोन्याच्या भावानं विकली जातात. आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरही तसल्याच पाकोळ्या वस्तीला आहेत.)

मधल्या काळात काय झालं? "गर्दी वाढली आणि वाट लागली" असं म्हणून आपण मोकळे होतो. ते खोटं नाही, पण त्यातून फारसं काही कळत नाही. माझ्या मते खरी मेख आहे ती बेटावर सोयी कोणत्या क्रमानं येतात यात. आधी बोट येते. मग झोपड्या, मग रस्ता, मग वीज, मग विमानतळ. सांडपाण्याची व्यवस्था येते सगळ्यात शेवटी, आणि तीही किनाऱ्यावर शेवाळ माजल्यावर. मधे जी वीस-तीस वर्षं जातात, त्यात बेटाचं जे व्हायचं ते होऊन जातं.

नारळाच्या बोटीतून आलेले पाहुणे

हा क्रम को समुई या बेटावर फार स्वच्छ दिसतो, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळू. 'को' म्हणजे थाई भाषेत बेट. समुईचं क्षेत्रफळ सुमारे 228 चौरस किलोमीटर, आणि पिढ्यान् पिढ्या तिथलं मुख्य पीक नारळ. झाडावर चढून नारळ पाडायला माणसांऐवजी शिकवलेली माकडं वापरायची तिथे रीत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नारळ वाहणाऱ्या बोटींतून पहिले सॅकवाले गोरे तिथे पोहोचले. साधारण त्याच सुमारास, 1973 मध्ये, बेटाला वळसा घालणारा सुमारे 50 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तोवर एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर डोंगर चढून किंवा होडीनं जावं लागे. म्हणजे रस्ता झाला तो गावकऱ्यांच्या सोयीसाठी. पर्यटकांना तो आयताच मिळाला.

त्या काळी आशियातून स्वस्तात भटकणाऱ्यांचा मोठा मार्ग होता तो इस्तंबूलहून तेहरान, काबूल करत दिल्ली, काठमांडू आणि गोव्याला येणारा. हणजूण आणि कळंगुटच्या जुन्याजाणत्यांना ते हिप्पी चांगले आठवतात. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद झाला. दरम्यान थायलंडमध्ये वेगळीच तयारी होऊन बसली होती. व्हिएतनाम युद्धात लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांना सुट्टीसाठी थायलंडला पाठवायचा करार 1967 मध्ये झाला होता, आणि पटायासारखं मच्छीमारांचं गाव त्या पैशावर हॉटेलं नि बारांचं शहर झालं. सैनिक गेले. हॉटेलं, बार, टॅक्सीवाले आणि परक्याला काय हवं असतं याची जाण मागे राहिली. भटक्यांना बँकॉक हा सोयीचा तळ मिळाला आणि तिथून रात्रीच्या रेल्वेनं सुरात थानी, पुढे बोटीनं समुई असा रस्ता रुळला.

समुईत एक गोष्ट अनेक जण सांगतात. तिथे समुद्रालगतची वाळू शेतीच्या दृष्टीनं कमी मोलाची मानली जायची, म्हणून वाटणीत चांगली, आतली जमीन लाडक्या मुलाला जायची आणि किनाऱ्याची रेताड पट्टी मुलींच्या किंवा नावडत्याच्या वाट्याला. मग पाहुणे आले आणि सगळं उलटलं. ज्याच्याकडे रेती, त्याच्याकडे पैसा. या नावडत्यांनीच सुरुवातीच्या झोपड्या उभ्या केल्या: बांबूच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, एक गादी, एक मच्छरदाणी, बाहेर पिंप आणि लोटा. तेव्हाचा पाहुणा घरच्यांबरोबरच जेवायचा, महिनाभर राहायचा आणि पैसे थेट त्या घरात पडायचे. पर्यटनाचा हा टप्पा खरोखर गोड असतो, आणि म्हणूनच नंतर सगळे त्याच्याच आठवणी काढतात.

1989 मध्ये एका खाजगी विमान कंपनीनं, बँकॉक एअरवेजनं, समुईत स्वतःचा विमानतळ बांधला. नारळाच्या बोटीपासून जेमतेम वीस वर्षांत. विमानतळ आला की पाहुण्याची जात बदलते. ज्याच्याकडे महिना मोकळा होता त्याच्या जागी चार दिवसांची रजा काढलेला येतो. त्याला झावळीचं छप्पर चालत नाही, त्याला एसी लागतो, कमोड लागतो, पोहण्याचा तलाव लागतो (समोर समुद्र असला तरी). एका पाहुण्यामागे लागणारं पाणी आणि वीज कितीतरी पटींनी वाढते. झोपडीवाल्या बाईला एवढं भांडवल कुठून? ती जमीन भाड्यानं देते. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही, पण 30 वर्षांचा भाडेपट्टा करता येतो. मग तिच्याच जागेवर दुसऱ्याचं रिसॉर्ट उभं राहतं आणि त्यात कामाला म्यानमारहून किंवा थायलंडच्या गरीब ईशान्य भागातून पोरं येतात.

सॅकवाला मात्र तोवर पुढच्या बेटाकडे सरकलेला असतो. समुई महागली तशी त्याची पावलं शेजारच्या को फांगानकडे वळली. तिथे हाट रिन किनाऱ्यावर 1980 च्या दशकाच्या मध्यात पौर्णिमेची पार्टी सुरू झाली. हणजूणला असल्या पार्ट्या त्याच्याही आधीपासून होत होत्या, आणि गोव्यात घडलेलं ट्रान्स संगीत पुढे हाट रिनलाही वाजलं. आज मोसमात तिथे एका रात्री हजारो लोक नाचतात. फांगान भरलं तेव्हा को ताओ. हे बेट 1940 च्या दशकात राजकीय कैद्यांचा तुरुंग होतं. आता जगात सगळ्यात जास्त नवशिके स्कूबा डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र जिथून घेतात, अशा मोजक्या ठिकाणांत त्याचं नाव येतं.

कॅनडातले भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी 1980 मध्ये या सगळ्याची एक वक्ररेषा मांडली आणि पर्यटनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात ती शिकवली जाते. आधी शोध: मूठभर लोक येतात. मग स्थानिकांचा सहभाग. मग विकास: बाहेरचं भांडवल येतं. मग जम बसतो, मग साचलेपण, आणि शेवटी उतरण किंवा नवं रूप. समुईला ही रेषा हुबेहूब लागू पडते. पण तिच्यात मला एक उणीव दिसते. ती माणसं मोजते, नळ्या मोजत नाही. पाच हजार माणसं आणि मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र, हे एक गणित. पाचशे माणसं आणि वाळूत खणलेले पाचशे शोषखड्डे, हे निराळंच.

वाळूच्या खाली काय चालतं

तर आता थोडं जमिनीखाली पाहू. लहान बेटाला नदी नसते किंवा असते ती नावाला. पिण्याचं पाणी येतं विहिरीतून. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं ते खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं. वरणावर तुपाचा थर राहतो तसं. या थराचं गणित असं की विहिरीतली पातळी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. हेच उलट वाचा: उपसा करून पातळी 1 मीटरनं खाली आणली की खारं पाणी खालून सुमारे 40 मीटर वर चढू पाहतं. विहिरीला मचूळ पाणी लागणं म्हणजे काय, हे देवगड-मालवणकडच्या माणसाला वेगळं समजवावं लागणार नाही. समुईला अखेर मुख्य भूमीवरून समुद्राच्या तळातून पाइप टाकून पाणी आणावं लागलं. फी फीसारख्या छोट्या बेटांवर उन्हाळ्यात बोटीनंही पाणी येतं.

वर उपसा चालू, आणि त्याच वाळूत शोषखड्डेही. दहा झोपड्यांचे दोन खड्डे असतील तर वाळू आणि तिच्यातले जीवाणू तो भार पेलतात. शंभर खोल्यांचं मैलापाणी त्याच पट्टीत मुरू लागलं की ते तसंच समुद्राकडे झिरपतं. त्यात नत्र आणि फॉस्फरस असतं, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत खत. समुद्राला खत मिळालं की शेवाळ माजतं.

प्रवाळाला नेमकं हेच सोसत नाही. प्रवाळ हा दगड दिसतो, पण तो बारीक जिवांची वसाहत आहे, आणि त्या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं, त्यावर प्रवाळ जगतो. म्हणून त्याला पाणी हवं निवळशंख आणि 'उपाशी', ज्यात खत नाही असं. मैलापाण्यानं बाहेरचं शेवाळ वाढतं आणि प्रवाळाला झाकून टाकतं. बोटींचे पंखे तळाची वाळू ढवळतात, पाणी गढूळ होतं, प्रकाश अडतो. आणि नांगर? फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला फार तर दहा सेंटिमीटर वाढतात, गोलाकार खडकांसारखे दिसणारे जेमतेम एक. माणसाच्या उंचीचा असा गोल प्रवाळ म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांचं काम, आणि एका नांगराला ते मोडायला क्षणही पुरतो.

सनस्क्रीनमधल्या काही रसायनांवर थायलंडनं 2021 मध्ये आपल्या सागरी उद्यानांत बंदी घातली, दंड 1 लाख बाटपर्यंत. बंदी ठीकच आहे. पण मला वाटतं, तिचा गाजावाजा जास्त झाला याचं कारण असं की ती फुकट होते. सनस्क्रीनची बाटली पर्यटकाच्या खिशातली, मैलापाण्याचं केंद्र सरकारच्या खिशातलं. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. 1998, 2010 आणि 2024 मध्ये समुद्र तापल्यामुळे प्रवाळ पांढरे पडले, तो दोष काही त्या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाचा नव्हे. तो विमानांचा, कोळशाचा, आपल्या सगळ्यांचा. पण आधीच खत आणि गाळ खाऊन अशक्त झालेला प्रवाळ अशा तापातून उठत नाही, आणि स्वच्छ पाण्यातला उठू शकतो.

माया बे: काय बंद केलं, काय उघडलं

फी फीची बेटं 1983 पासूनच राष्ट्रीय उद्यानात आहेत. कागदावर संरक्षण होतंच. 1999 च्या सुरुवातीला हॉलिवूडच्या एका कंपनीनं लिओनार्डो डिकॅप्रिओला घेऊन माया बेवर सिनेमा चित्रित केला. कुणालाच माहीत नसलेला किनारा शोधत निघालेल्या सॅकवाल्याची ती गोष्ट. किनारा 'जास्त स्वर्गासारखा' दिसावा म्हणून वाळूचे उंचवटे सपाट केले, तिथली झुडपं काढली आणि बाहेरून नारळाची झाडं आणून लावली. ज्या झुडपांनी वाळू धरून ठेवलेली असते तीच गेल्यावर पावसाळ्यात किनारा खचला. स्थानिक संस्थांनी कोर्टात दावा लावला. तो किती चालला असेल? शेवटचा निकाल आला 2022 मध्ये. तारखांवर तारखा ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

सिनेमा 2000 साली आला, आणि मग फुकेत व क्राबीहून स्पीडबोटी सुटू लागल्या. किनाऱ्याची लांबी अडीचशे मीटरच्या आसपास. 2018 च्या आधी तिथे दिवसाला पाच हजारांच्या वर माणसं उतरत होती. ही सगळी दिवसाची पाहुणी. सकाळी फुकेतच्या हॉटेलातून निघायचं, चार ठिकाणी बोट थांबवायची, मधे बुफे जेवण, संध्याकाळी परत. आपल्याकडच्या टूर कंपन्यांच्या 'फुकेत-क्राबी' पॅकेजमध्ये 'फी फी आयलंड टूर विथ लंच' असतं ते हेच. अशा पाहुण्याचं राहणं, खाणं, बहुतेक खर्च फुकेतला. बेटाच्या वाट्याला येतं ते शौचालय, कचरा आणि नांगर. पर्यटनाच्या सगळ्या प्रकारांत हा मला सर्वात आतबट्ट्याचा वाटतो.

1 जून 2018 ला माया बे चार महिन्यांसाठी बंद झाली. कासेत्सार्त विद्यापीठातले सागरी जीवशास्त्रज्ञ थॉन थाम्रोंगनावासावात यांच्यासारखे लोक बरीच वर्षं याच्या मागे होते. चार महिन्यांनी लक्षात आलं की एवढ्यानं काही होत नाही, आणि मुदत बेमुदत झाली. प्रवाळाचे तुकडे लावले गेले. काही महिन्यांतच काळ्या टोकाच्या पराचे छोटे शार्क उथळ पाण्यात परतले. माणसाला काही न करणारे, पण पंख्यांचा गोंगाट करणाऱ्या बोटींपुढे न टिकणारे.

1 जानेवारी 2022 ला ती पुन्हा उघडली, आणि इथे बारकाईनं पाहायला हवं. आता एका तासाच्या फेरीला सुमारे 375 जण सोडतात. दिवसभराच्या फेऱ्यांचा गुणाकार केला तर चार हजारांच्या आसपास जातो. म्हणजे माणसं काही फार कमी झालेली नाहीत! कमी झाल्या त्या बोटी: समोरून शून्य. पोहणं बंद, म्हणून तळ ढवळला जात नाही. झाडीतून जायला लाकडी वाट, म्हणून झुडपं टिकतात. वर्षातून दोन महिने विश्रांती. तेवढ्यानं शार्क राहिले. माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

एक तोटा मात्र आहे, तो उघड सांगतो: माया बे आता किनारा राहिलेली नाही, ते प्रदर्शन झालं आहे. रांगेत या, बघा, निघा. ज्याला महिनाभर पडून राहायचं होतं त्याची जागा संपली. थायलंडनं सिमिलान बेटांवरही 2018 पासून मुक्काम बंद करून दिवसाची मर्यादा घातली, आणि को ताचाय तर 2016 पासून बंदच ठेवलं.

बोराकाय: गटारासाठी बेट बंद

फिलिपिन्सनं याहून मोठी उडी मारली. बोराकाय हे जेमतेम 10 चौरस किलोमीटरचं बेट, पण त्याचा चार किलोमीटरचा पांढरा किनारा जगभर गाजलेला. 2017 मध्ये तिथे सुमारे 20 लाख पर्यटक आले. पावसाचं पाणी वाहून न्यायला बांधलेल्या गटारांना काही हॉटेलांनी चोरून मैलापाण्याचे पाइप जोडले होते आणि ते पाणी थेट समुद्रात जात होतं. तेव्हाचे अध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी बेटाला 'मैल्याचा खड्डा' म्हटलं आणि 26 एप्रिल 2018 ला अख्खं बेट सहा महिने बंद केलं. पोलीस तैनात, पर्यटकांना प्रवेश नाही. हजारो कामगारांचा रोजगार एका दिवसात गेला. बेट बंद करताना कामगारांच्या चुलीचा विचार सगळ्यात मागाहून झाला, हे त्या कारवाईचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

त्या सहा महिन्यांत मुख्यतः काय केलं? रस्ता खणला, गटारं टाकली, पाण्याच्या रेषेपासून 30 मीटरमधली बांधकामं पाडली. जे तीस वर्षांपूर्वी करायचं ते. मग बेटाची क्षमता काढली: एका वेळी 19,215 पर्यटक, दिवसाला 6,405 नवे. क्षमता म्हणजे किती माणसं आली तर पाणी, कचरा आणि किनारा झेपेल याचा अंदाज. 2022 च्या ईस्टरच्या सुट्टीत ती मर्यादा ओलांडली गेलीच. आकडा ठरवणं सोपं, बोटीच्या तिकीट खिडकीवर तो पाळणं कठीण.

सॅकवाला निरागस का नाही

बॅकपॅकरला स्वतःबद्दल एक गोड समज असतो: ते 'टुरिस्ट', मी 'ट्रॅव्हलर'. पैशाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. तो रोज कमी खर्च करतो पण जास्त दिवस राहतो, आणि त्याचे पैसे खानावळ, होडीवाला, झोपडीवाली यांच्याकडे जातात. पंचतारांकित हॉटेलातला मोठा वाटा आयात दारू, परदेशी व्यवस्थापन, बुकिंगचं कमिशन यांतून बाहेर निघून जातो. पण बॅकपॅकर हा वाटाड्याही आहे. तो जिथे जातो तिथे बोटीची फेरी सुरू होते, आणि एकदा फेरी सुरू झाली की ती कुणासाठी थांबत नाही. पूर्वी ही बातमी छापील मार्गदर्शिकेतून दोन वर्षांनी पोहोचायची. आता 'हिडन बीच' लिहिलेलं रील लोकेशनसकट त्याच संध्याकाळी पोहोचतं. बेटाला श्वास घ्यायला जो वेळ मिळायचा तो गेला.

जमिनीचं दुखणं सगळ्यात कमी दिसतं आणि सगळ्यात जास्त दिवस टिकतं. मलेशियाच्या सीमेलगतचं को लीपे घ्या. तिथे उराक लावोय नावाचे दर्यावर्दी लोक 1909 च्या सुमारास येऊन राहिले. ब्रिटिशांशी सीमा ठरत होती, त्यामुळे 'इथे आमची माणसं राहतात' हे दाखवायला सयामी (सयाम म्हणजे तेव्हाचं थायलंड) अधिकाऱ्यांनाही ते हवेच होते. या लोकांना जमिनीच्या कागदाची गरज कधी वाटली नाही. पर्यटन आलं, कागद दुसऱ्यांच्या नावावर निघाले, आणि 2022 च्या अखेरीस शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर कुंपण पडलं तेव्हा हा वाद बँकॉकच्या वर्तमानपत्रांत आला. सीमा राखायला बोलावलेल्या माणसांच्या नातवंडांना शाळेच्या वाटेसाठी भांडावं लागलं.

पर्यटनच नको, असंही या बेटांना परवडत नाही. थायलंडला 2019 मध्ये जवळपास 4 कोटी परदेशी पाहुणे आले आणि 2021 मध्ये साडेचार लाखही नाहीत. त्या दरम्यान फुकेत-फांगंगाच्या ओस किनाऱ्यांवर लेदरबॅक कासवांनी वीस वर्षांत घातली नव्हती एवढी घरटी घातली, याच्या बातम्या आपण आवडीनं वाचल्या. त्याच किनाऱ्यावर लोक फुकट जेवणाच्या रांगेत उभे होते.

देवबागचा प्रश्न

भारतीयांना थायलंडनं नोव्हेंबर 2023 मध्ये व्हिसाविना प्रवेश दिला, आता वर्षाला वीस लाखांच्या वर भारतीय तिथे जातात, आणि मुंबई-पुण्याचा त्यातला वाटा कमी नसणार. पण माणसं तिकडे जातात तसा तो क्रमही इकडे येतो. सिंधुदुर्ग 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारी न्याहारी-निवास योजना तिथे चांगली रुजली. बटलरच्या भाषेत तो सहभागाचा टप्पा. मग तारकर्ली-देवबागला स्कूबा आणि वॉटर स्पोर्ट्स आले. 2021 मध्ये चिपी विमानतळ झाला, 2023 च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडू लागली.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. विहिरीही तिथेच, शोषखड्डेही तिथेच. समुईत रेताड जमीन नावडत्याला मिळायची, हे वाचून किनाऱ्यावरच्या कुणाला आपल्या घरची वाटणी आठवली असेल तर नवल नाही. समोरचं मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, त्यात प्रवाळ आहेत, आणि डिसेंबरातल्या शनिवारी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्नॉर्केलिंगच्या किती होड्या नांगर टाकून उभ्या असतात ते जाऊन पाहावं. त्यांच्यासाठी बांधायच्या कायमच्या बोयांचा खर्च रिसॉर्टच्या एका मजल्याहूनही कमी येईल. बोया म्हणजे तळाशी एकदाच पक्का रोवलेला आणि वर तरंगता गोळा. होडी त्याला दोर बांधते, नांगर टाकायची गरजच पडत नाही.

कोकणाला एक गोष्ट मात्र कुणी न शिकवता मिळाली आहे. मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीही बंद. थायलंडला माया बेसाठी दोन महिन्यांची जी विश्रांती नियमानं आणावी लागली, ती इथे पाऊस दर वर्षी देतो. हल्ली 'मान्सून टुरिझम'च्या नावाखाली तीही भरून काढायची घाई दिसते.

स्वतः सॅक घेऊन निघणाऱ्यांसाठी शेवटी थोडी कामाची माहिती. थायलंडच्या दोन किनाऱ्यांचा पावसाळा वेगवेगळा आहे. फुकेत, क्राबी, फी फी या अंदमान समुद्राच्या बाजूला मे ते ऑक्टोबर खवळलेलं असतं. समुई, फांगान, ताओकडे, म्हणजे थायलंडच्या आखातात, जोर ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आखाताच्या बाजूला जाता येतं. दिवसाच्या स्पीडबोटीऐवजी एकाच बेटावर पाच-सहा रात्री काढल्या तर तुमचे पैसेही तिथेच राहतात. आणि खोली घेताना वायफायच्या आधी विचारा, पाणी कुठून येतं आणि मैलापाणी कुठे जातं. ज्या मालकाकडे याचं उत्तर तयार असतं, त्याच्याकडे राहावं. 'मागे कुठेतरी' असं उत्तर आलं, तर मागच्या बाजूला एक चक्कर मारून या.